खालच्या थरातले आंबे

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझी तीन दिवस झोप होत नाही, कारण तिकडे अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट असतो. या पानावर एरवी कबड्डीचे नियम आणि गुडघेदुखी यापलीकडे फारसं काही येत नाही. या वेळी ड्राफ्टवरच इतकी पत्रं आली, की संपादक म्हणाले, अख्खं पानच देऊन टाका. गुडघेवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत शेक घ्यावा.

ताई, मी ऐरोलीत नाइट शिफ्टला आहे. सोमवारी क्लायंट कामाआधी अर्धा तास फुटबॉलवरच बोलतात आणि मी नुसता हसतो. ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलसारखा लिलावच ना? — एक वाचक, ऐरोली

नाही रे. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये नंबर. ३२ संघ, ७ फेऱ्या. आदल्या मोसमात जो तळाला राहिला त्याची पाळी पहिली, जो जिंकला तो रांगेत शेवटी. कॉलेजातून आलेल्या पोरांतून आपली पाळी आली की एक नाव सांगायचं, संपलं. बोली नाही, हातोडा नाही. २०११ पासून तर नव्या पोराचा पहिल्या चार वर्षांचा पगारही तो कितव्या नंबरला गेला यावरच जवळपास ठरून जातो. त्याआधी लूट होती. २०१० साली पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला नुसत्या हमीचेच ५ कोटी डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २.२ कोटी.

म्हणजे इथे ‘स्वस्तात मिळाला’ याचा अर्थ ‘उशिरा मिळाला’. आणि पाळीचाच व्यापार चालतो. माझी आजची पाळी तू घे, तुझ्या पुढच्या दोन वर्षांच्या मला दे. आयपीएल पाहून पाहून आपल्याला सवय किमतीची पाटी वाचायची. इथे रांगेतली जागा वाचायची.

पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. म्हणजे तुझी शिफ्ट सुटते तेव्हा. कॅबमध्ये बघ, घणसोलीपर्यंत दोन नावं होतात. सूट घातलेली पोरं, स्टेज, आयांचे अश्रू. मला विचारशील तर शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होणारी चौथी ते सातवी फेरी बघ. ज्यांना कुणी स्टेजवर बोलावलेलं नसतं ती पोरं घरच्या सोफ्यावर फोनकडे बघत बसलेली असतात. क्लायंटशी त्यातल्या एखाद्याबद्दल बोललास, तर तो कामाचं विसरेल.

टॉम ब्रॅडी म्हणे १९९वा निवडला गेला. नातू सांगतो, त्याने पुढे सात विजेतेपदं मिळवली. असा माणूस १९८ वेळा कुणालाच दिसला नाही? हे तज्ज्ञ डोळे मिटून बसतात काय? — एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

सर, डोळे उघडे होते. घोटाळा तिथेच झाला.

आमचे आबा वाशीच्या फळबाजारात माथाडी होते. एप्रिल-मेमध्ये घरी आले की अंगाला पेंढ्याचा आणि आंब्याचा वास. एकदा मला गाळ्यावर घेऊन गेले होते. खरेदीदार आला, एक पेटी फोडायला लावली, वरच्या थरातला एक आंबा उचलला, देठाशी हुंगला, अंगठ्याने हळूच दाबला. मग त्याने आणि आडत्याने रुमालाखाली हातात हात घेतले, बोटांवर भाव ठरला आणि सगळा माल उठला. परत येताना आबा म्हणाले, “रंगावर घेतलेल्या मालात साका निघतो.” ज्यांना साका माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: वरून पिवळाधमक हापूस, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर. बाहेरून ओळखायची सोय नाही. आणि खालच्या थरातला हिरवट, कडक आंबा, ज्याला कुणी बोटही लावलेलं नसतं, तो अढीत आठ-दहा दिवस गेला की घरभर वास सुटतो.

ब्रॅडीला बाजाराने अंगठ्याने दाबून पाहिलं. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला पोरांची मोजमापं घेतात, त्याला कम्बाइन म्हणतात. तिथे तो ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ५.२८ सेकंदांत धावला. जागच्या जागी उडी साडेचोवीस इंच. तेव्हाचा त्याचा उघड्या अंगाचा फोटो अजून फिरतो. खांदे पडलेले, पोट मऊ, बँकेत नुकताच चिकटलेला कारकून वाटावा. मोजणाऱ्यांनी काही चुकीचं मोजलं नव्हतं. पण ब्रॅडी क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा गडी; त्याचं काम धावण्याचं कमी. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना त्यांच्याकडे न बघता दोन-तीन सेकंदांत लांबचा मोकळा गडी हेरायचा आणि चेंडू त्याच्या हातात पडेल असा फेकायचा. हे मोजायचं घड्याळ इंडियानापोलिसात नव्हतं.

पुरावा मात्र होता. जानेवारी २००० मध्ये ऑरेंज बाउल या कॉलेजांच्या सामन्यात त्याचं मिशिगन अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांनी मागे पडलं आणि ब्रॅडीने दोन्ही वेळा बरोबरी साधून दिली. फेकींतून ३६९ यार्ड, ४ टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार पोचला की होतो तो), जादा वेळेत ३५-३४ असा विजय. मग लोक बिचकले कशाला? तर त्याच मोसमात त्याच्याच प्रशिक्षकांनी त्याला ड्रू हेन्सन नावाच्या धाकट्या पोराबरोबर आलटून-पालटून खेळवलं होतं. घरचेच ज्याला अख्खं ताट वाढत नाहीत, त्याला पाहुणा का वाढेल?

त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले. तो कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचा, लहानपणापासून शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा भक्त. त्या संघाने ६५व्या नंबरला जिओव्हानी कार्माझीला उचललं. कार्माझी मोसमाचा एकही सामना खेळला नाही.

आता न्यू इंग्लंड पेट्रियट्सने हिरा पारखला, ही गोष्ट नातवाने सांगितली असेलच. त्यांनी त्याच ड्राफ्टमध्ये ब्रॅडीच्या आधी सहा जण निवडले, हे त्याला विचारा. जवाहिरा सहा वेळा खडे उचलून मग हिऱ्याकडे वळत नाही, सर. त्यांनाही तो ‘असू दे एक’ म्हणूनच हवा होता.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच थेलर) यांनी ड्राफ्टचा बसून हिशेब केला. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंत आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता त्यांना ५२ टक्के आढळली. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. तरी पहिल्या नंबरांसाठी संघ वाटेल ते मोजतात. फोर्टीनाइनर्सनीच २०२१ मध्ये तिसऱ्या नंबरला पोचण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या आणि वर तिसऱ्या फेरीची एक दिली आणि ट्रे लान्सला घेतलं. दोन वर्षांनी त्याला डॅलसला सोडलं तेव्हा बदल्यात चौथ्या फेरीची एक पाळी हाती आली. मधल्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याच संघाने २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा, ब्रॉक पर्डी घेतला. चार वर्षांचे मिळून सुमारे ३७ लाख डॉलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो संघाला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, घेऊन गेला (कॅन्सस सिटीकडून २५-२२ हरले) आणि २०२५ मध्ये त्याच संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार केला. साका आणि अढीतला आंबा एकाच गिऱ्हाइकाच्या घरी, दोन्ही त्याच पारखीने आणलेले.

आमच्या मंडळातल्या दोन पोरांना निवड चाचणीत वगळलं. एक बुटका, दुसरा वजनाने हलका. दोघंही खचलेत, सरावाला येईनात. ड्राफ्टमध्ये मागे पडून मोठे झालेल्यांची चार उदाहरणं द्या, त्यांना वाचून दाखवीन. — एक कबड्डी प्रशिक्षक, कोपरखैरणे

उदाहरणं देते. पण वाचून दाखवायच्या आधी उत्तर शेवटपर्यंत स्वतः वाचा.

कर्ट वॉर्नरला १९९४ मध्ये कुणीच निवडलं नाही. ग्रीन बेच्या शिबिरातून घरी पाठवलं. मग आयोवातल्या सीडर फॉल्समध्ये एका सुपरमार्केटात रात्रपाळीला फळ्यांवर डबे लावायची नोकरी, तासाला साडेपाच डॉलर. तिथून बंदिस्त मैदानातला छोटा फुटबॉल, मग युरोपात ॲमस्टरडॅम, मग सेंट लुईस रॅम्स. १९९९ च्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच मोसमाचा सुपर बोल, आणि त्या अंतिम सामन्यात फेकींतून ४१४ यार्ड. नाइट शिफ्ट केलेली बाई म्हणून हा माझा लाडका.

टेरेल डेव्हिस, १९९५, सहावी फेरी, १९६वा. डेन्व्हरच्या शिबिरात त्याच्या जागेवरचे इतके जण पुढे उभे होते, की घरी निघून जावं असं त्याच्या मनात आलं होतं. टोकियोत सराव सामना होता. किक झाल्यावर चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायला जाणं, हे कुणालाच नको असलेलं हमालीचं काम. डेव्हिस धावत गेला आणि समोरच्याला असा आपटला, की प्रशिक्षकांनी मान वळवून बघितलं. १९९८ मध्ये तो चेंडू घेऊन २,००८ यार्ड धावला. तुमच्या बुटक्यासाठी रसेल विल्सन: उंची जेमतेम ५ फूट ११ इंच, क्वार्टरबॅकच्या मानाने ठेंगणाच, म्हणून २०१२ मध्ये ७५वा, दुसऱ्याच मोसमात सुपर बोल. ज्युलियन एडलमन तर २३२वा, तोही कॉलेजात क्वार्टरबॅक आणि इथे येऊन चेंडू झेलणारा.

कबड्डीतलंच हवं असेल तर आपला चंदगडचा सिद्धार्थ देसाई. २०१८ च्या लिलावात यू मुंबाला ३६.४ लाखांत मिळाला, मोसमभर चढाया करून पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सकडे १.४५ कोटींना गेला.

आता दुसरी बाजू. वॉर्नर मैदानात आला, कारण ट्रेंट ग्रीनचा गुडघा मोसमाआधीच गेला. ब्रॅडी पहिलं अख्खं वर्ष बाकावर होता, एकूण तीन चेंडू फेकले. २००१ च्या सप्टेंबरमध्ये ड्रू ब्लेडसोला जबर मार बसला, तेव्हा त्याचा नंबर लागला. ब्लेडसो म्हणजे १९९३ चा पहिल्या नंबरचा खेळाडू, २००१ मध्येच दहा वर्षांचा नवा करार झालेला. तो धडधाकट असता तर ब्रॅडीला कोण विचारत होतं? पर्डीच्या पुढे लान्स आणि गॅरोपोलो असे दोघं होते. एकाचा घोटा मोडला, दुसऱ्याचं पाऊल. मी जितक्या या गोष्टी वाचते, तितक्यांदा मध्ये दुसऱ्या कुणाचं तरी मोडलेलं हाड येतं. ज्यांच्या पुढचा गडी ठणठणीत राहिला त्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही. शिबिराला प्रत्येक संघात ९० जण असतात, मोसमाला ५३ उरतात. बाकीच्यांत एखादा ब्रॅडी नसेलच असं मी तरी म्हणणार नाही.

म्हणून तुमच्या पोरांना ‘ब्रॅडीसारखं तुमचंही होईल’ असं वाचून दाखवू नका. पंधरा वर्षांच्या पोराला खोटं लगेच कळतं. त्यापेक्षा मला सांगा, तुमच्या स्वतःच्या मंडळात त्या दोघांना मॅटवर किती मिनिटं मिळतात? सराव सामन्यात तुमची सात ठरलेली असतील आणि हे दोघं पाण्याच्या बाटल्या सांभाळत असतील, तर निवड समितीच्या आधी तुम्हीच त्यांना वगळलंय. राग मानू नका. बुटक्याला कोपऱ्यात उभा करा, घोट्याच्या पकडीला त्याला वाकायला कमी लागतं. हलक्याला बोनससाठी पाठवा. आणि एक वही ठेवा: किती पकडी केल्या, किती सुटल्या, समोर कोण होता. उंची-वजन समितीला दोन मिनिटांत दिसतं. पकडीचा हिशेब कुणी मांडून दाखवल्याशिवाय दिसत नाही.

माझं सांगते. एका कंपनीच्या मुलाखतीत माझे उच्चार ऐकून मला फोनवरच्या कामातून काढलं आणि मागच्या खोलीत आकडे भरायला बसवलं. दोन वर्षांनी तिथल्या हिशेबातली गळती मी शोधली. मुलाखत घेणाऱ्याला मी काही वाईट म्हणत नाही, माझे उच्चार खरंच सातारी आहेत. पण ती गळती सापडली, कारण आकड्यांचं टेबल माझ्या हाती दोन वर्षं राहिलं.

ऑफिसात फँटसी लीग काढतोय, आठ जण. स्वस्तातला खेळाडू ओळखायची युक्ती सांगा. — कळवा

किकरला, म्हणजे नुसता पायाने चेंडू मारणाऱ्याला, शेवटी घ्या. दर वर्षी एक जण तरी आठव्या फेरीत किकर घेतो आणि बाकीचे गालात हसतात.

तुमचा ड्राफ्ट सापाच्या चालीने असेल: पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत आठ ते एक. शेवटचा नंबर लागला तर रडू नका, लागोपाठ दोन खेळाडू मिळतात. मागच्या वर्षीचे गुण बघून सगळेच घेतात, म्हणून ते महाग पडतात. तुम्ही बघा, चेंडू कुणाकडे किती वेळा फेकला जातोय. झेल सुटले तरी चालतील. आणि कुणाच्या पुढचा गडी म्हातारा किंवा जायबंदी आहे तेही बघा. वरचं उत्तर वाचलं असेल तर कारण सांगायला नको.

तरीही एक कबुली. २०२३ मध्ये आमच्या लीगमध्ये कळव्याच्याच एकाने शेवटच्या फेरीत पुका नाकुआला घेतलं. का, तर नाव म्हणायला मजा येते. खऱ्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीतला, १७७वा खेळाडू. आम्ही त्याला यथेच्छ चिडवलं. रॅम्सचा कूपर कप जायबंदी होता, नाकुआने पहिल्याच सामन्यात दहा झेल घेतले, मोसमात १०५ झेल आणि १,४८६ यार्ड; नवोदितांचे दोन्ही विक्रम मोडले. मी तीन रात्री तक्ते करून सातवी आले आणि सगळ्यांना मामलेदारची मिसळ खाऊ घातली. तिखट.

पोराला संघ निवडायचा हक्कच नाही, हा अन्याय नाही का? — खारघर

आहे थोडा. पण खेळाडूंच्या संघटनेने करारात तो मान्य केलाय आणि तळाच्या संघाला सावरायचा तोच मार्ग आहे. ज्याची ताकद असते तो वाकवतोही. एली मॅनिंगने २००४ मध्ये सॅन डिएगोला नको म्हटलं, त्यांनी त्याला पहिल्या नंबरला निवडलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकलं. गंमत तळाला आहे. ज्याला कुणीच निवडत नाही तो मोकळा, हव्या त्या संघाशी बोलू शकतो. म्हणून सातव्या फेरीच्या शेवटी काही पोरं देवाजवळ मागतात, आता मला कुणी निवडू नका.

मागच्या अंकात तुम्ही ब्रॉक पर्डीला ‘शेवटून दुसरा’ म्हटलंत. तो शेवटचा होता. — डोंबिवली

चूक माझी. २६२ पैकी २६२वा. आणि हा फरक लहान नाही. शेवटच्या खेळाडूला १९७६ पासून ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्याने काही अडत नाही असे श्रीयुत. पॉल सलाटा नावाच्या जुन्या खेळाडूने ही प्रथा काढली. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला बोलावून त्या पोराचं कोडकौतुक करतात आणि हातातून चेंडू निसटणाऱ्या खेळाडूचा पुतळा बक्षीस देतात. शेवटून दुसऱ्याला ना पुतळा, ना पाहुणचार, ना टोपणनाव. मी पर्डीचं सगळंच घालवलं होतं.